विश्लेषण : धावपटूच्या मनगटावरील घड्याळ किती खरे बोलते?

जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनची तयारी अनेक महिने आधी सुरू होते आणि बरेच नवे धावपटू याच काळात पहिले स्पोर्ट्स वॉच घेतात. वेळ, अंतर, वेग आणि हृदयाचे ठोके हे चारही आकडे कमी किमतीचे घड्याळही दाखवते. मात्र, हे सगळे आकडे सारखेच भरवशाचे नसतात.

अंतर कसे मोजले जाते?

घड्याळ उपग्रहांच्या संदेशांवरून वारंवार आपले स्थान ठरवते आणि ते बिंदू जोडून अंतर काढते. मरिन ड्राइव्हसारख्या मोकळ्या रस्त्यावर हे बऱ्यापैकी जुळते. उंच इमारतींमध्ये संदेश भिंतींवर आदळून उशिरा पोहोचतात आणि स्थान सरकते. दोन वारंवारितांवर संदेश घेणाऱ्या महागड्या घड्याळांत ही चूक कमी होते. स्वस्त घड्याळांत ती सोय सहसा नसते.

स्पर्धेत फटका कसा बसतो?

मॅरेथॉनचे ४२.१९५ किमी अंतर सर्वांत जवळच्या रेषेने मोजलेले असते. गर्दीतून वाट काढणारा धावपटू थोडे जास्तच धावतो. त्यात उपग्रहांची चूक मिसळते. समजा, शेवटी घड्याळात ४२.६ किमी दिसले. घड्याळानुसार किलोमीटरला सहा मिनिटे हा वेग पाळणाऱ्याला ४ तास १३ मिनिटांऐवजी साधारण ४ तास १५ मिनिटे ३६ सेकंद लागतील. म्हणूनच रस्त्यावरील किलोमीटरच्या फलकांशी वेळ ताडून पाहावी.

ठोक्यांचा आकडा खरा असतो?

घड्याळामागचा हिरवा प्रकाश त्वचेखालील रक्तप्रवाहातील बदल टिपतो. पट्टा सैल असेल तर कधी पावलांचा तालच ठोके म्हणून मोजला जातो. एकसारख्या संथ धावेत आकडा बहुधा ठीक असतो, वेगवान टप्प्यांत तो मागे पडतो. छातीवरील पट्टा हृदयाचे विद्युत संकेत मोजत असल्याने अधिक अचूक ठरतो. मनगटावरचे घड्याळ हाडाच्या किंचित वर, घट्ट बांधणे हा सोपा उपाय.

‘झोन’वर किती विसंबावे?

अनेक घड्याळे ‘२२० वजा वय’ या ढोबळ सूत्राने कमाल ठोके धरतात. ४५ वर्षांच्या व्यक्तीसाठी ते १७५ येतात. प्रत्यक्षात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो आणि सगळे झोन चुकतात. संथ धावेत सलग बोलता येते का, ही कसोटी तेव्हा उपयोगी पडते.

धोका कुठे?

छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा वेगळी धाप जाणवल्यास घड्याळातील आकडा सामान्य असला तरी थांबून डॉक्टरांना गाठावे. असे घड्याळ सरावाची नोंद ठेवते, आजाराचे निदान करत नाही.