दारातलं कुर्डू

माणदेशातल्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. त्यांच्याकडे नळाला पाच दिवसांनी पाणी येतं. उन्हाळ्यात दोन गुलाब आणि मोगरा वाळून गेला. ‘प्यायला पाणी नाही नि हिला फुलं सुचतात,’ असं सासूबाई येता-जाता ऐकवतात. बिनपाण्याचं एखादं फूलझाड सांगा, असं ती म्हणते.

सासूबाईंचं अगदीच चुकतं असं नाही हं! पण फुलं हवीशी वाटणं हाही काही गुन्हा नव्हे. बिनपाण्याचं झाड नसतंच. मात्र पावसावर उगवून, फुलून, उन्हाळ्याआधी बी टाकून मोकळं होणारं झाड आपल्याच बांधावर असतं. ते म्हणजे कुर्डू. उन्हाळ्यात त्याचं नुसतं बी उरतं, आणि बियांना पाणी लागत नाही.

ज्वारी-बाजरीच्या शेतात, पडीक माळावर तुम्ही ते पाहिलं असेल. टोकाला गुलाबी, खाली रुपेरी पांढरे असे उभे तुरे. लिनियसने 1753 मध्ये त्याला ‘सेलोशिया अर्जेन्शिया’ हे नाव दिलं, त्यातल्या अर्जेन्शियाचा अर्थच रुपेरी. कुंडीतला मखमली कोंबडा हा त्याचाच बागेत वाढलेला भाऊ. कोंबड्याला मान आणि कुर्डूला खुरपं, असा आपला न्याय!

मृगाचा पाऊस पडला की तळाला भोकं पाडलेल्या तेलाच्या डब्यात साधी शेतातली माती भरा. माती चिकण असेल तर थोडी वाळू मिसळा. शेणखत ओंजळभर पुरे. जास्त घातलंत तर नुसता पाला माजतो आणि झाड लवंडतं. बी मोहरीहूनही बारीक असतं, म्हणून चिमूटभर रेतीत कालवून पसरा, वर मातीचा अगदी पातळ थर द्या. आठवड्याभरात उगवतं. डबा भरपूर उन्हात हवा. सावलीत झाड किडकिडीत होतं.

यंदा बी मिळालं नाही, तर पाऊस सुरू झाल्यावर बांधावरची चार-सहा पानांची रोपं मातीच्या गड्ड्यासकट आणा. मुळं दुखावलेली त्याला खपत नाहीत. ओळख पटत नसेल तर शेतावर जाणाऱ्या बाईंना विचारा, त्या लांबूनच सांगतील.

रोपं वीतभर झाली की डब्यात दोन-तीनच ठेवा आणि त्यांचे शेंडे खुडा. फांद्या फुटून तुरे जास्त येतात. उपटलेली रोपं आणि खुडलेले शेंडे टाकू मात्र नका! फुलण्याआधीच्या कोवळ्या पाल्याची भाजी छान होते. पाला उकळून पाणी टाकून द्या, घट्ट पिळा, आणि लसूण, कांदा, भिजवलेली मुगाची डाळ घालून परता. मुतखड्याचा त्रास असलेल्यांनी ही भाजी टाळावी. फवारणी झालेल्या शेतातला किंवा रस्त्याकडेचा पाला आणू नये. पश्चिम आफ्रिकेत तर ही रोजच्या जेवणातली भाजी आहे. सासूबाईंना आधी ही भाजीच वाढून पाहा, फुलांचं नंतर बोलावं.

पावसानं ओढ दिली तरच पाणी घाला, तेही सकाळी पानं मलूल दिसली तर. तांदूळ-भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नको. कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. कुर्डू तहानेनं मरतं त्यापेक्षा लाडानं जास्त मरतं.

तुऱ्यांवर फुलपाखरं येतात. काही तुरे ताजे असतानाच कापून, जुडी बांधून सावलीत उलटे टांगा. ते वाळले की फुलदाणीत पाण्याशिवाय महिनोन्‌महिने राहतात.

एक गोष्ट मात्र पाळा. एका झाडाला हजारो बिया येतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीनं हे तणच. शेजारी शेत असेल तर तुरे तिथं झडू देऊ नका. तुऱ्याचा खालचा भाग वाळून, टिचकी मारताच काळं चकचकीत बी पडू लागलं की तुरा कापून कागदी पिशवीत उलटा ठेवा. आठ दिवसांनी झटका, सुपात पाखडा आणि कोरड्या बाटलीत भरा. बाटलीवर नाव लिहा, नाहीतर स्वयंपाकघरात ते खसखशीशेजारी जाऊन बसायचं!