विस्मृतीचा शाप आणि ओसाड स्थानके

भारतीय भाषांतील ललित लेखनात ओसाड रेल्वे स्थानक ही प्रतिमा आता चांगलीच परिचित झाली आहे. गवत माजलेला फलाट, काचा फुटलेले तिकीटघर, गंजलेला सिग्नल एवढ्या सामग्रीवर एक संपूर्ण युग मावळल्याचा भास निर्माण करता येतो. आणि त्या युगाचा अंत कशाने झाला या प्रश्नाला ‘काळाच्या ओघात’ हे उत्तर तयार असते. भावनेच्या दृष्टीने हे उत्तर सोयीचे असले, तरी बहुतेक ठिकाणी ते खरे नाही. स्थानके विशिष्ट कारणाने बंद पडतात, आणि त्या कारणामागे बहुधा कोणाचा तरी निर्णय अथवा निर्णयाचा अभाव असतो. साहित्याच्या अभ्यासकाने हा भेद नजरेआड करणे योग्य होणार नाही.

ही कारणे किती भिन्न असू शकतात हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. रामेश्वर बेटाच्या टोकावरील धनुष्कोडीचे स्थानक डिसेंबर १९६४ मधील चक्रीवादळाने उद्ध्वस्त केले. पांबनहून निघालेली प्रवासी गाडी उतारूंसह समुद्राने गिळली. श्रीलंकेतील तलैमन्नारला जाणाऱ्या बोटीसाठी उभारलेले ते स्थानक पुन्हा बांधले गेले नाही. येथे निसर्गाकडे बोट दाखविता येते. उत्तर बंगालमधील हल्दीबाडी आणि सीमेपलीकडील चिलाहाटी यांना जोडणारा मार्ग १९६५ मध्ये भारत-पाकिस्तान युद्धामुळे तुटला, तो २०२० मध्ये पुन्हा जोडला गेला. केरळातील शोरनूर–निलंबूर मार्गाचे रूळ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उखडण्यात आले आणि १९५४ मध्ये परत घालण्यात आले. पुरुलिया जिल्ह्यातील बेगुनकोडोर स्थानक १९६७ मध्ये बंद झाले. त्यामागे भुताची कथा सांगितली जाते. परंतु २००९ मध्ये तेथे गाड्या पुन्हा थांबू लागल्या, तेव्हा त्यासाठी मांत्रिक लागला नाही, रेल्वेचा आदेश पुरला.

विदर्भातील ‘शकुंतला’ या गाडीचे उदाहरण या दृष्टीने सर्वांत उद्बोधक होय. यवतमाळ–मूर्तिजापूर (११३ किलोमीटर) आणि मूर्तिजापूर–अचलपूर (७६ किलोमीटर) हा अडीच फूट मापाचा मार्ग विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत घातला गेला, तो मुख्यतः वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या दिशेने नेण्यासाठी. मालकी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीची, त्या कंपनीची व्यवस्था किलिक निक्सन या पेढीकडे, आणि गाड्या चालविण्याचे काम ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेकडे, अशी ही तिहेरी रचना होती. स्वातंत्र्यानंतर गाड्या चालविण्याचे काम मध्य रेल्वेकडे आले; मालकी मात्र कंपनीकडेच राहिली. पुढील अवनतीचे बीज येथेच आहे. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर रेल्वेने खर्च का करावा, आणि गाड्या आपल्या नसताना कंपनीने रूळ का सुधारावेत, या दोन प्रश्नांच्या मधोमध मार्ग जीर्ण होत गेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत या मार्गावर राबत होते.

शिवाय मूर्तिजापूरला माल उतरवून मोठ्या मार्गावरील वाघिणींत पुन्हा भरावा लागे. ट्रक थेट जिनिंगच्या दारातून निघू लागला, तसा कापूस रस्त्याकडे वळला, माणसे एस.टी.कडे वळली. रूळ कमकुवत म्हणून वेग कमी, वेग कमी म्हणून उतारू कमी, आणि उतारू कमी म्हणून रुळांवर खर्च नाही, असे हे चक्र होते. २०२० पर्यंत दोन्ही शाखांवरील गाड्या थांबल्या. दारव्हा, कारंजा, अंजनगाव येथील फलाट ओस पडले. स्वस्त तिकिटाखेरीज ज्यांना दुसरा आधार नव्हता, अशा मजुरांना व लहान शेतकऱ्यांना या तोट्याची झळ सर्वाधिक लागली.

हे अटळ होते काय? सोलापूर जिल्ह्यात आरंभ झालेल्या बार्शी लाइट रेल्वेशी तुलना केली असता तसे दिसत नाही. तीही अडीच फुटी, तीही खासगी कंपनीची, १८९७ मध्ये सुरू झालेली. परंतु १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. जबाबदारी कोणाची हा प्रश्न मिटला, आणि विलंबाने का होईना, या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत लातूर–मिरज मार्ग टप्प्याटप्प्याने रुंद मापाचा झाला. पंढरीच्या यात्रेचा आधार या मार्गाला होता हे खरे. पण यात्रेने रूळ रुंद होत नाहीत, त्यासाठी अंदाजपत्रकात तरतूद व्हावी लागते.

लोकांच्या तोंडी रुळलेले ‘शकुंतला’ हे नावच येथे विचाराला चालना देते. महाभारताच्या आदिपर्वात दुष्यंताला सारे आठवत असते. तरीही भर सभेत तो शकुंतलेला ओळखत नसल्याचे सांगतो, आणि पुढे लोकशंकेचे कारण देतो. कालिदासाच्या नाटकात दुर्वासाचा शाप येतो आणि राजा दोषमुक्त होतो. त्यामुळे करुण अधिक निर्मळ झाला, पण उत्तरदायित्व शापाच्या पदरी गेले. ओसाड स्थानकांविषयीच्या स्मरणरंजनात ‘काळ’ नेमके दुर्वासाचे काम करतो. राज्यसंस्था विसरली असे तेथे सुचविले जाते. प्रत्यक्षात ती विसरलेली नसते. करार, पत्रव्यवहार, रुंदीकरणाच्या घोषणा हे सर्व तिच्या दप्तरात असते.

याचा अर्थ शोकात्म लेखनाला स्थान नाही, किंवा तोट्यातील प्रत्येक स्थानक चालू राहिलेच पाहिजे, असा नाही. रस्त्याने ज्या गावाची अधिक चांगली सोय होते, तेथे स्थानक बंद करणे न्याय्यही ठरेल. मात्र ते उघडपणे ठरविले गेले पाहिजे. अभ्यासकांपुढील काम याहून निराळे आहे. अशा स्थानकाची कथा किंवा कविता वाचताना प्रतिमेच्या सौंदर्याबरोबरच तो मार्ग कोणी, कोणाच्या मालासाठी घातला आणि कोणी थांबविला, हेही विचारले जावे. तसेच गँगमन, गार्ड, हमाल आणि शेवटचे उतारू यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत, ते हयात आहेत तोवर, भाषा विभागांनी नोंदवून घ्याव्यात. त्या कथनांत शाप क्वचितच आढळेल. आदिपर्वातील शकुंतलेप्रमाणे ती माणसे राजाला त्याने दिलेल्या वचनाची आठवण करून देतील.