लहरी जनतेच्या, ट्यूनर कुणाचा?

प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले. फेब्रुवारी २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई, औरंगाबादसह १६ शहरांत मनोऱ्यावरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. छपरावर साधा अँटेना, मासिक वर्गणी शून्य! पण ते संकेत पकडणारा डीव्हीबी-टी२ ट्यूनर बाजारातल्या बहुतेक टीव्हींत नव्हताच. तो बसवण्याची सक्ती कंपन्यांवर का झाली नाही, हे आम्ही विचारणारच. पुढे २०२२ पर्यंत जुने ॲनालॉग मनोरेही बहुतेक बंद पडले. आता वस्तीला आधार फ्री डिशचा. तिलाही वर्गणी नाही, हे मान्य. परंतु तिथल्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावात जातात. लिलावाला पैसा नसलेल्या बहुजनांच्या वाहिनीने कुठून बोलायचे?