कपाटांतील फिती आणि घरचा संगणक

गेल्या तीस वर्षांत मध्यमवर्गीय घरांत जीं यंत्रें मोठ्या कौतुकानें आलीं आणि कोणाच्या फारसें ध्यानांतहि न येतां निघून गेलीं, त्यांत कॅमकॉर्डरची गणना करावी लागेल. कोणी तो आखातांतून आणला, कोणी मुंबईच्या बाजारांतून घेतला. त्यावर बारशीं, लग्नें, नाताळ, शाळांचीं स्नेहसंमेलनें टिपलीं गेलीं. पुढें मोबाइल आला, कॅमेरा कपाटांत गेला आणि त्याच्या सोबतीस फितीहि गेल्या. त्या फितींत कोणाचे आजोबा अंगणांत खुर्ची टाकून बोलत आहेत, कोणाची आजी सुनेला पुरणाचें प्रमाण सांगत आहे. यांतील कित्येक माणसें आज हयात नाहींत. त्यांचीं छायाचित्रें भिंतीवर आहेत, परंतु छायाचित्रास आवाज नसतो. या फिती संगणकांत उतरवून घेण्याचें काम आमच्या विद्यार्थ्यांनीं या सुटींत हातीं घ्यावें, आणि पालकांनीं त्यास खर्चाचा व वेळेचा हातभार लावावा, असें आम्हांस आग्रहानें सांगावयाचें आहे.

"इतकी घाई कशाची? फिती कोठें पळून जातात?" असें कोणी विचारील. फिती पळून जात नाहींत, पण त्यांवरील चित्र जातें. मिनीडीव्ही फीत म्हणजे सुमारें सव्वासहा मिलिमीटर रुंदीची प्लास्टिकची पट्टी व तिजवर चुंबकीय धातूचा अत्यंत पातळ थर. आमच्याकडील पावसाळ्यांत तिला बुरशी धरते; अशी पांढुरकी झालेली फीत यंत्रांत घातली तर यंत्राचें डोकेंहि खराब होतें. आणि फीत शाबूत राहिली तरी ती वाजविणारें यंत्र कोठें आहे? व्हीएचएस यंत्रें बनविणारा जगांतील शेवटचा कारखानदार, जपानची फुनाई कंपनी, हिनें २०१६ सालीं तें काम बंद केलें. युनेस्कोनें २०१९ सालीं चुंबकीय फितींविषयीं इशारा देणारा उपक्रम काढला. २०२५ च्या सुमारास यंत्रांच्या व सुट्या भागांच्या अभावीं फिती वाजविणें दुरापास्त होईल, असा त्याचा आशय होता. ती मुदत आतां संपल्यासारखीच आहे. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' आज संपूर्ण पहावयास मिळत नाहीं, याची आम्हां सर्वांस हळहळ वाटते. मग आपल्याच घरच्या चित्रणाविषयीं इतकी बेफिकिरी कां असावी?

आतां प्रत्यक्ष कामाकडे वळूं. प्रथम फीत कोणत्या जातीची आहे तें तिच्या डबीवर पहावें. १९८५ सालीं आलेली व्हिडिओ-८ आणि १९८९ ची हाय-८ या जुन्या पद्धतीच्या; १९९५ च्या सुमारास निघालेली मिनीडीव्ही आणि १९९९ ची डिजिटल-८ या अंकीय पद्धतीच्या. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अंकीय फितींतील मजकूर संगणकांत जशाच्या तसा, तसूभरहि कमी न होतां, नकलून घेतां येतो.

परंतु येथेंच बहुतेक घरांत गाडें अडतें. कॅमेऱ्यास यूएसबीचें तोंड असतें, तशी केबलहि घरांत सांपडते. मुलगा ती जोडतो आणि संगणकावर एकतर कांहींच दिसत नाहीं, किंवा कार्डावरचीं चार स्थिर चित्रें दिसतात. लगेच घरांत निकाल लागतो कीं कॅमेरा बिघडला. वस्तुतः तो बिघडलेला नसतो. फितींवर चालणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत यूएसबीची सोय स्थिर चित्रांपुरती किंवा हलक्या दर्जाच्या चित्रणापुरतीच ठेविलेली असे. फितीवरील मूळ चित्रण बाहेर येतें तें फायरवायर नांवाच्या निराळ्या जोडणींतून. (एकाच वस्तूस अ‍ॅपलनें फायरवायर म्हणावें, सोनीनें आयलिंक म्हणावें आणि तंत्रज्ञांनीं आयईईई १३९४ म्हणावें, यांत ग्राहकाची कोणती सोय झाली हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.) कॅमेऱ्याकडील तिचें तोंड बहुधा चार पिनांचें व बारीक असतें, संगणकाकडील सहा पिनांचें. नव्या संगणकांत ही जोडणी नसते. मेजावरच्या संगणकांत तिचें कार्ड बसवून घ्यावें लागतें, किंवा एखाद्या नातेवाइकाकडील जुना संगणक मागून आणावा लागतो. एका बाजूस फायरवायर व दुसऱ्या बाजूस यूएसबी असा स्वस्त जोड बाजारांत मिळतो. तो घेऊं नये. दोहोंची भाषाच भिन्न असल्यामुळें नुसतीं टोकें जुळवून कांहीं साधत नाहीं.

जोडणी झाली कीं कॅमेरा विजेच्या अ‍ॅडाप्टरवर लावावा, बॅटरीवर विसंबूं नये. आणि फितीच्या पाठीवरील छोटी खिट्टी 'सेव्ह'कडे सरकवावी, म्हणजे चुकून तिजवर नवें चित्रण होणार नाहीं. मग विंडोजवर विनडीव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब किंवा मॅकिंटॉशवर आयमूव्ही यांपैकीं एखादें सॉफ्टवेअर फीत चालवून चित्रण उतरवून घेतें. एका तासाच्या चित्रणास सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. दहा फिती असल्यास १३० गिगाबाइट हाताशीं असावेत. अंकीय फितींत प्रत्येक चित्राबरोबर तें कोणत्या दिवशीं व किती वाजतां घेतलें याचीहि नोंद बहुधा असते, आणि ती या मार्गानें आपोआप संगणकांत येते. "हें ताईच्या लग्नाआधींचें कीं नंतरचें?" असे वाद त्यामुळें पुष्कळ मिटतात.

जुन्या हाय-८ किंवा व्हीएचएस फितींना पिवळ्या, पांढऱ्या व तांबड्या टोकांच्या तारा आणि यूएसबीवर चालणारें कॅप्चर उपकरण लागतें. कांहीं डिजिटल-८ कॅमेरे हाय-८ फितीहि वाजवितात व त्या फायरवायरवाटें देतात. असा कॅमेरा कोणाकडे असेल तर तो मोलाचा समजावा. अमेरिकेंतून नातेवाइकांनीं पाठविलेली फीत मात्र एनटीएससी पद्धतीची असावयाची, आपली पाल पद्धतीची. आपल्या कॅमेऱ्यांत ती नीट वाजली नाहीं तर फितीस दोष देऊं नये.

२००६ नंतर आलेल्या कार्डाच्या व हार्डडिस्कच्या कॅमेऱ्यांस हा व्याप नाहीं. तेथें यूएसबी पुरते. फक्त आंतील एक-एक फाइल न उचलतां संपूर्ण फोल्डर जसाच्या तसा नकलून ठेवावा. लांब चित्रण तेथें अनेक फाइलींत तुटलेलें असतें, आणि त्यांचा सांधा जुळविण्याची माहिती इतर फाइलींत असते.

"दुकानांत देऊन टाकलें म्हणजे झालें" असें म्हणणारे पालक पुष्कळ आहेत. ज्यांस वेळच नाहीं त्यांस तोहि मार्ग मोकळा आहे. पण बहुधा दुकानदार डीव्हीडी हातांत देतो. तींत चित्रण दाबून बारीक केलेलें असतें, आणि घरीं लिहिलेली तबकडीहि कांहीं वर्षांनीं वाचेनाशी होते. त्याहून वाईट म्हणजे कित्येकदां त्यावर सिनेमाचें गाणें चढवून दिलेलें असतें. ज्या आवाजासाठीं हा खटाटोप करावयाचा तोच पुसला गेला, तर हातीं काय राहिलें? दुकानांत द्यावयाचेंच असेल तर मूळ डीव्ही फाइली हार्डडिस्कवर मागून घ्याव्या व फिती परत आणाव्या.

हीच गोष्ट मुलांस संपादनाविषयीं सांगावीशी वाटते. केडीएनलाइव्ह, शॉटकट किंवा दाविंची रिझॉल्व्ह यांत चित्रण घेऊन त्याची कापाकापी करणें हा आनंदाचा उद्योग आहे, आणि तो अवश्य करावा. मात्र मूळ फाइलीस हात लावूं नये. तिची एक प्रत घरीं व एक दुसऱ्या घरीं ठेवून मग कात्री चालवावी. जुन्या चित्रणांत हालचालीच्या वेळीं फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतात. प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांनीं बनलेलें असल्यानें तसें होतें. त्या रेघा शेवटच्या प्रतींतच घालवाव्या. आणि मुलांस जें कंटाळवाणें वाटतें तें सर्वच टाकाऊ नसतें. रिकामी ओसरी, मागें कोणाचें तरी खोकणें, स्वयंपाकघरांतून आलेली हांक, यांवर पंधरा वर्षांच्या मुलाची कात्री सहज चालते, आणि त्याच ठिकाणीं त्याच्या आईचे डोळे भरून येतात.

एका तासाच्या फितीस उतरावयास एक तासच लागतो. त्यांत घाई करतां येत नाहीं. हा तास पडद्याकडे एकट्यानें पाहण्यांत घालवूं नये. घरांत जें सर्वांत वडील माणूस असेल त्यास शेजारीं बसवावें, वही घ्यावी, आणि पडद्यावर जो जो येईल त्याचें नांव, नातें व गांव विचारून मिनिटाच्या आंकड्यासमोर लिहून ठेवावें.