कार्डाचं लिमिट वाढवायचंय? आधी पत बघा

हैदराबाद : जामबाग म्हटलं की इथल्या मराठी माणसाला १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी आठवते. देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबादकडून शिक्षणाला, नोकरीला आलेल्या अनेकांना कोठी-जामबागचा हा भाग ओळखीचा. गावात त्यांची पत भिशीत आणि दुकानदाराच्या वहीत असते. शहरातली बँक मात्र ३०० ते ९०० मधला सिबिलचा आकडा बघते. भिशी वीस वर्षं वेळेवर भरली तरी तिथे नोंद नाही. म्हणून पहिलं कार्ड छोट्या लिमिटचं मिळतं आणि मग ते वाढवायची धडपड सुरू होते.

या धडपडीत गैर काही नाही. ५० हजारांच्या लिमिटवर ४० हजारांची बाकी दिसली, तर वापर ८० टक्के होतो आणि स्कोअरला फटका बसतो. लिमिट दीड लाख झालं आणि खर्च तेवढाच राहिला, तर वापर २७ टक्क्यांवर येतो. ३० टक्क्यांच्या आत राहावं, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. पण लिमिटबरोबर खर्चही वाढला तर सगळं मुसळ केरात.

कसं, ते बघा. एक लाखाची बाकी आहे आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे. व्याज ३,५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०, म्हणजे ४,१३० रुपये. तुम्ही पाच हजार भरले तर मुद्दल फिटलं फक्त ८७०! ग्राहक आयोगाने २००८ मध्ये घातलेली वार्षिक ३० टक्के व्याजाची मर्यादाही सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केली.

बँकाही आता हात आखडतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डांच्या थकबाकीवरची जोखीम १२५ वरून १५० टक्के धरायला लावली. म्हणजे अशा उधारीसाठी बँकेला जास्त भांडवल बाजूला ठेवावं लागतं. त्यामुळे सहा महिने ते वर्षभर पूर्ण बिल वेळेवर भरा, मग पगाराची स्लिप किंवा आयकर विवरणपत्र घेऊन लिमिट मागा. एकाच महिन्यात चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते.

सीमाभागातल्या माणसाने एक ध्यानात ठेवावं. राज्य बदललं तरी पॅन बदलत नाही. पुण्यात विसरलेल्या कार्डाची वार्षिक फी जुन्या पत्त्यावर थकत राहते आणि हैदराबादेत कर्ज मागताना आडवी येते. सिबिलसह चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. तो काढा. चूक दिसली तर तक्रार करा. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.