चाळणीवर उरणाऱ्यांचे काय?

मराठीत मद्यपानाविषयी जे लिहिले गेले, ते बहुतांशी कर्त्या पुरुषाविषयी. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधील सुधाकर वकील आहे, संसारी गृहस्थ आहे. नववीतला मुलगा आपल्या या चित्रात नसतो. केंद्र सरकारने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात मात्र तो आहे. १० ते १७ वयोगटातील सुमारे १.३ टक्के मुले मद्य घेतात, असा त्यातील अंदाज. मग शाळांतून अशा मुलांची चाळणी लावावी काय?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून सरकारी शाळांतील दोन इयत्तांसाठी ही व्यवस्था आणली. तिचे स्वरूप ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे श्वास वा रक्त तपासत नाहीत, मुलाशी बोलतात. पालक किंवा विद्यार्थी लेखी नकार देऊ शकतात. मुलाने सांगितलेले त्याच्या किंवा पालकांच्या संमतीविना बाहेर जात नाही. अपवाद वैद्यकीय आणीबाणीचा. बोस्टनमध्येच सिद्ध झालेल्या ‘क्राफ्ट’ प्रश्नावलीत सहा प्रश्न आहेत. नशेत असलेल्या कुणी, किंवा तू स्वतः, चालवलेल्या गाडीतून कधी गेला आहेस का, हा त्यांतला एक. पिऊन आलेल्या वडिलांच्या दुचाकीवर मागे बसणारे मूलही त्या प्रश्नाच्या कक्षेत येते. आम्हांला हे मोलाचे वाटते.

आक्षेपही दुर्लक्षिण्यासारखा नाही. अमेरिकेच्याच प्रतिबंधक आरोग्यसेवा कृतिदलाने २०१८ मध्ये प्रौढांसाठी अशा चाचपणीची शिफारस केली. १२ ते १७ वयोगटाबाबत मात्र पुरावा अपुरा ठरवला. पुरावा अपुरा म्हणजे विचारूच नये, असे नव्हे. पण विचारल्यावर पुढे काय, याचे उत्तर आधी हाताशी हवे.

आपले घोडे पेंड खाते ते इथेच. बालन्याय कायदा, २०१५ च्या कलम ७७ अन्वये मुलाला मद्य देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. म्हणजे कायद्याच्या लेखी ज्याच्यावर अन्याय झाला ते मूल आहे. शाळेच्या लेखी मात्र तेच मूल गुन्हेगार ठरते: वर्गशिक्षकांकडून बातमी मुख्याध्यापकांकडे, तेथून पालकांना बोलावणे, आणि शेवटी ‘दाखला घेऊन जा’. ज्या घरातल्या बाटलीतून पहिला घोट आला, त्याच घरी मूल पूर्णवेळ परत पाठवायचे, याला उपाय कसे म्हणावे?

पीठ चाळतात तेव्हा वर उरलेला कोंडा बाजूला काढतात. मुलांच्या बाबतीत सारी चाळणी लावायची ती वर उरणाऱ्यांसाठीच. म्हणून आमचे मत असे: उत्तर शाळेच्या दप्तरी जाणार नाही याची हमी, विचारणारा परीक्षेचे गुण देणारा नसणे, आणि चालत जाता येईल अशा अंतरावर समुपदेशक, या तीन गोष्टी असतील तेथे अवश्य विचारावे. ज्या शाळेत त्या नाहीत, तिने आधी त्यांची सोय करावी आणि तोवर प्रश्नावली कपाटातच ठेवावी.