पॉज बटण नसलेला एपिसोड

डोनाल्ड ट्रम्प राष्ट्राध्यक्ष होणार हे 'द सिम्पसन्स'ने आधीच सांगितलं होतं, हा फॉरवर्ड तुम्हालाही कधीतरी आलाच असेल. सीन खरा आहे. १९ मार्च २००० ला अमेरिकेत दाखवलेल्या 'बार्ट टू द फ्युचर' या एपिसोडमध्ये मोठी झालेली लिसा राष्ट्राध्यक्ष असते आणि आधीच्या ट्रम्प सरकारमुळे तिजोरीत खडखडाट असल्याचं सांगते. २०१६ मध्ये ट्रम्प खरोखरच निवडून आले आणि कार्टूनवाले एका रात्रीत ज्योतिषी ठरले.

पण जरा मागे जाऊन बघा. ऑक्टोबर १९९९ मध्ये ट्रम्प यांनी रिफॉर्म पार्टीकडून राष्ट्राध्यक्षपदासाठी उतरण्याची चाचपणी सुरू केली होती. फेब्रुवारी २००० मध्ये त्यांनी माघार घेतली. म्हणजे तो डायलॉग आला तेव्हा ही बातमी ताजीच होती. टोला त्या काळाला होता. लोक बातमी विसरले, टोला तेवढा लक्षात राहिला आणि त्याचं भाकीत झालं. संदर्भ गळून पडला की विनोदाचा अर्थ असा पार बदलतो.

अ‍ॅनिमेशनच्या जगात अशा लपवलेल्या गोष्टींना 'इस्टर एग' म्हणतात. 'टॉय स्टोरी'त अँडीच्या आईच्या गाडीची नंबरप्लेट आठवा, ए११३. कॅलिफोर्नियातल्या 'कॅलआर्ट्स' या संस्थेतल्या एका वर्गाचा तो नंबर. तिथे शिकलेले लोक आपापल्या कामात तो गुपचूप टाकतात. 'सिम्पसन्स'मध्येही तो सापडतो. आपण पॉज करतो, झूम करतो, स्क्रीनशॉट काढतो. सापडलं की भारी वाटतं, कारण ते आपल्याला कळलेलं असतं, शेजारच्याला नाही.

हाच खेळ आपल्या सिंधुदुर्गात कितीतरी आधीपासून चालत आलाय, तोही पॉज बटणाशिवाय. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की देवळासमोर दशावतार उभा राहतो. पायपेटी, मृदंग, झांज, सगळ्या भूमिका पुरुषांच्या आणि हातात लिहिलेली संहिता नाही. कुठलं आख्यान लावायचं ते ठरतं, कथानक सगळ्यांना ठाऊक असतं आणि संवाद रंगमंचावरच तयार होतात.

आख्यानाच्या आधी पूर्वरंग असतो. गणपती येतो, सरस्वती येते आणि मग काळ्या वेषातला संकासुर. वेद पळवणारा हा राक्षस. शेवटी विष्णू त्याचा वध करतो. पण तोवर स्टेज त्याचं! राजे-महाराजे भारदस्त मराठीत बोलणार, संकासुर मात्र अस्सल मालवणीत गजाली मारणार. त्या गजालींमध्ये गावातला रस्ता येतो, गेलेली लाईट येते, पुढ्यात बसलेला एखादा मानकरीही येतो. समजा, कोणी त्याला विचारलं, "वेद खंय लपयलंस?" आणि तो म्हणाला, "क्लाउडवर. पण हंय रेंज खंय आसा?" तर हशा दोनदा पिकतो. एकदा क्लाउडवर आणि दुसऱ्यांदा रेंजवर, कारण त्या गावात टॉवर नाही हे समोर बसलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. मुळात संकासुराने वेद चोरलेत हे माहीत नसेल तर मात्र यातला अर्धा विनोद गेलाच.

हीच दोन थरांची रचना गंगाराम गवाणकरांनी 'वस्त्रहरण'मध्ये लिहून काढली. १९८० साली आलेल्या या नाटकात गावकरी महाभारतातला द्रौपदी वस्त्रहरणाचा प्रसंग सादर करायला निघतात आणि हस्तिनापुराच्या दरबारात गावची भांडणं शिरतात. मच्छिंद्र कांबळींच्या तात्या सरपंचांनी मालवणीला मुंबईच्या व्यावसायिक रंगभूमीवर मानाने बसवलं. प्रयोग पाच हजारांच्या वर गेले. महाभारत सगळ्यांना पाठ, म्हणून ते मोडताना मजा आली.

आता प्रश्न आपला आहे. १२ सप्टेंबर २०२५ ला सुबोध खानोलकरांचा 'दशावतार' चित्रपट आला. दिलीप प्रभावळकरांचा बाबुली पाहून ज्यांनी कधी जत्रा पाहिली नव्हती, त्यांनाही या कलेबद्दल कुतूहल वाटायला लागलं. हे छानच झालं. पण कुतूहल वाटलं की आपला हात आधी मोबाइलकडे जातो. रात्रभराच्या खेळातून आपण तीस सेकंद उचलतो, तीही बहुतेक वेळा हशा पिकलेली. त्या तीस सेकंदांत आख्यान नसतं, गाव नसतं, त्या आठवड्यात गावात काय चाललं होतं तेही नसतं. गावाने हसून घेतलेला टोमणा बाहेरच्याला अपमान वाटू शकतो. नाहीतर 'कायतरी गावठी कॉमेडी' म्हणून तो पुढे स्क्रोल करतो.

याचं ओझं शेवटी कलाकारावर येतं. आपलं प्रत्येक वाक्य रेकॉर्ड होतंय हे कळल्यावर तो जपून बोलणार. आणि दशावतारात जपून बोलणारा संकासुर म्हणजे मीठ नसलेली कढी! वेळेअभावी अनेक ठिकाणी पूर्वरंग आधीच आटोपता घेतला जातो. तिथे हशा फक्त रीलपुरता उरला, तर संकासुराला बोलायला जागा कुठे राहणार?

म्हणून शूटिंगच करू नका असं अजिबात नाही. उलट, न लिहिलेल्या नाटकाची नोंद कोणीतरी ठेवायलाच हवी आणि फोन आपल्याच हातात आहे. फक्त एवढं करा. आधी कलाकारांना विचारा. जमलं तर पूर्वरंगापासून बसा. क्लिप टाकताना कॅप्शनमध्ये गाव, तारीख, आख्यानाचं नाव लिहा आणि तो विनोद कशावर होता ते दोन ओळींत सांगा. शेजारी बसलेल्या आजीला विचारलंत तर ती चार ओळी सांगेल.

'सिम्पसन्स'चा एपिसोड आपण आजही मागे नेऊन बघू शकतो, ट्रम्पच्या डायलॉगमागची बातमी शोधू शकतो. जत्रेतल्या संकासुराचा एपिसोड सकाळी दहीकाल्याबरोबर संपतो. त्यातलं इस्टर एग कोणाला सापडलं आणि त्याने ते लिहून ठेवलं, तरच ते उरेल.